एकांत बेटावर धाप लागते तेव्हा

गेल्या फेब्रुवारीत आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली. मुलीने आणि जावयाने आम्हा दोघांना चार रात्रींसाठी मालदीवच्या एका रिसॉर्टवर धाडलं. सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात काढलेल्या माणसाला अशा ठिकाणी पहिला दिवस जरा अवघडच जातो. खोलीच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरलेल्या, सगळं बेट पायी वीस मिनिटांत फिरून होणारं, आणि ओपीडीच्या गलक्याला सरावलेल्या कानांना टोचेल इतकी शांतता. पाणी मात्र खरोखरच फोटोत दिसतं तसं निळं होतं.

या शांततेचा आरोग्याशी काय संबंध, ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

पावणेचारच्या सुमाराला किनाऱ्यावरून मराठी ऐकू आलं, "अहो, बसा खाली, बसा ना." आपल्याकडचेच एक गृहस्थ, वय साठीच्या आतबाहेर, अर्धा तास स्नॉर्केलिंग करून बाहेर आले होते आणि त्यांना धाप आवरत नव्हती. नाकातोंडात पाणी गेलं असेल, असं पत्नीला वाटत होतं. "पाणी नाही हो गेलं," एवढंही त्यांना एका दमात बोलता येत नव्हतं. खोकल्याबरोबर गुलाबीसर फेस येत होता. हा फेस ज्याने एकदा वॉर्डात पाहिला आहे, त्याला पुढचं सांगावं लागत नाही. फुप्फुसात पाणी झालं होतं. ते समुद्राचं नव्हतं, त्यांच्याच रक्तातून पाझरलेलं होतं. (हा प्रसंग त्यांना विचारूनच, ओळखीच्या खुणा बदलून लिहितो आहे.)

पोहताना असं का व्हावं? गळ्याइतक्या पाण्यात उतरलं की पाण्याचा दाब पायांतल्या आणि पोटातल्या शिरांमधलं रक्त वर छातीकडे ढकलतो. हे रक्त थोडंथोडकं नसतं, अर्ध्या लिटरहून अधिक असू शकतं. शरीराला वाटतं, रक्त जास्त झालं. तलावात उतरल्यावर थोड्याच वेळात लघवीची भावना होते, ती यामुळेच. निरोगी हृदय हा वाढीव भार सहज पेलतं. पण वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने ज्या हृदयाचा स्नायू जाड आणि ताठर झाला आहे, ते अशा वेळी मागे पडतं. मग रक्त फुप्फुसात तुंबतं आणि त्यातलं पाणी हवेच्या पिशव्यांत झिरपतं. त्यात स्नॉर्केलची नळी. नळीतून श्वास ओढायला छातीला जादा जोर लावावा लागतो, आणि या ओढीमुळे पाणी आणखीच आत खेचलं जातं. वैद्यकात याला इमर्शन पल्मनरी एडीमा म्हणतात. तो धडधाकट पोहणाऱ्यांनाही होऊ शकतो, पण उच्च रक्तदाब असलेल्यांना त्याचा धोका अधिक.

आपल्याकडे मात्र स्नॉर्केलिंग म्हणजे पाण्यावर पालथं पडून मासे बघणं, त्यात कसले श्रम, अशी समजूत आहे. ज्यांना जिना चढायला डॉक्टरांनी जपून सांगितलं आहे, तेही ट्यूब कमरेला लावून निघतात. दुसरी अडचण अशी की स्नॉर्केल करणारा मासे बघत असला काय आणि बेशुद्ध असला काय, वरून सारखाच दिसतो: तोंड पाण्यात, पाठ वर, निश्चल. बुडणारा माणूस हात मारतो, ओरडतो, हे सिनेमात. म्हणून एकट्याने उतरायचं नाही, आणि सोबत्याने माशांकडे कमी, माणसाकडे जास्त बघायचं.

आमच्या बेटावर छोटा दवाखाना होता. तिथले तरुण डॉक्टर हुशार निघाले. रुग्णाला आडवं न करता खुर्चीत ताठ बसवून पाय खाली सोडले. ऑक्सिजन, जिभेखाली फवारा, लघवी वाढवणारं इंजेक्शन. रक्तदाब १९० वर ११०, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ८४. त्यांची रोजची गोळी? "सुट्टीत कशाला म्हणून तीन दिवस घेतली नाही." हे वाक्य मी आजवर किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल, याची गणती नाही. फरक एवढाच की एरवी ते ऐकतो तेव्हा अतिदक्षता विभाग शेजारच्या इमारतीत असतो.

अर्ध्या तासात त्यांना बरं वाटू लागलं. ऑक्सिजन ९३ वर आला. ईसीजीत हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसत नव्हता. गृहस्थ म्हणाले, "आता ठीक आहे डॉक्टर, सकाळी बघू."

खरा प्रश्न इथे उभा राहिला. मालदीव म्हणजे हिंदी महासागरात विखुरलेली सुमारे बाराशे बेटं. १९७२ मध्ये तिथलं पहिलं रिसॉर्ट सुरू झालं आणि पुढे 'एक बेट, एक रिसॉर्ट' ही पद्धत रुळली. पाहुणे पैसे मोजतात ते याच एकांतासाठी. मोठी रुग्णालयं मात्र राजधानी मालेच्या बाजूला. तिथे भारताच्या मदतीने उभं राहिलेलं इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय आहे, आणि देशभरात भारतीय डॉक्टर-परिचारिकाही बऱ्याच आहेत. पण आम्ही होतो तिथून माले सी-प्लेनने चाळीस मिनिटांवर. सी-प्लेनला उघड्या पाण्यावर उतरायचं असतं, वैमानिक नजरेच्या भरवशावर चालवतो, त्यामुळे ही विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. सूर्यास्त सव्वासहाच्या सुमाराला. त्यानंतर उरते ती स्पीडबोट, अंधारात काही तासांची. छातीत पाणी झालेल्या माणसाला लाटांवर आपटत नेणं म्हणजे काय, याची कल्पना करा.

झटका आलेला नाही असं एका ईसीजीवरून ठरत नाही. रक्ताची तपासणी काही तासांनी पुन्हा करावी लागते. रात्री दोनला पुन्हा धाप लागली असती तर त्या गुणी डॉक्टरच्या हातात ऑक्सिजनचे सिलिंडर आणि सकाळची वाट, एवढंच होतं. आम्ही दोघांनी ठरवलं, आत्ताच हलवायचं. गृहस्थ नाराज. खोलीचे पैसे परत मिळणार नव्हते, ते त्यांनी दोनदा सांगितलं. शेवटी पत्नीनेच बॅग भरली. विमान पाच वाजून वीस मिनिटांनी उडालं आणि उजेड असताना मालेला पोचलं.

तिकडे झटका नाही असं निष्पन्न झालं. इथे परत आल्यावर इको केला, तेव्हा हृदयाचा स्नायू जाड झाल्याचं दिसलं. रक्तदाब बारा वर्षांपासूनचा, इको एकदाही केलेला नव्हता.

तेव्हापासून माझ्या ओपीडीत कोणी अशा सहलीचं बोललं की मी आधी विचारतो, बेटावर जायचं कसं? मालेच्या विमानतळावरून स्पीडबोटीने अर्ध्यापाऊण तासात गाठता येणारी बेटंही आहेत, आणि तिथून रात्रीही निघता येतं. पन्नाशी ओलांडलेल्या, बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी तीच निवडावीत असं माझं स्पष्ट मत आहे. समुद्र तिथेही तितकाच निळा. बेटावर डॉक्टर राहतो का, ऑक्सिजन आणि एईडी आहे का, हे बुकिंगच्या वेळी विचारायला लाजू नये. नाश्त्यात काय काय असतं हे आपण विचारतोच की. प्रवासविमा घेताना बीपी, मधुमेह लपवू नये, नाहीतर नेमक्या वेळी विमा कंपनी हात वर करते. रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हेही वाचून घ्यावं.

गोळ्या हातातल्या पिशवीत. सी-प्लेनमध्ये वजनाचं बंधन असतं, मोठी बॅग कधीकधी नंतरच्या फेरीने येते. इन्सुलिन किनाऱ्यावरच्या पिशवीत तापू देऊ नये आणि फ्रीजमध्ये गोठूही देऊ नये. मधुमेहींनी पाण्यातही बूट घालावेत. पायांची जाणीव कमी झालेल्याला प्रवाळाने कापल्याचं कळत नाही आणि आठ दिवसांनी तो सूज घेऊन आमच्याकडे येतो. माले विषुववृत्तापासून जेमतेम चार अंशांवर, मुंबई एकोणीस. तिथलं ऊन म्हणजे काय ते माझ्या स्वतःच्या पाठीने शिकवलं, कारण मासे बघताना पाठ तासभर उन्हात असते हे डॉक्टर असूनही माझ्या लक्षात आलं नाही. अंगभर बाह्यांचा शर्ट घालूनच उतरावं. बीपीच्या काही गोळ्यांमधल्या हायड्रोक्लोरोथायझाइडने त्वचा उन्हाला आणखी हळवी होते. मलेरिया मालदीवमधून हद्दपार झाल्याचं प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलं आहे. डेंगी मात्र आहे, आणि त्याचा डास दिवसा चावतो.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, आम्ही आपले तारकर्लीला जातो. जरूर जा. पण मालवणच्या पाण्यातही दाब तोच आणि नळीही तीच. तिथे रुग्णवाहिका रस्त्याने येऊ शकते, इतकाच काय तो दिलासा.

गेल्या महिन्यात त्या गृहस्थांचा फोन आला. रक्तदाब १३० वर ८०, गोळ्या नियमित, सकाळी तीन किलोमीटर चालणं. मग जरा थांबून विचारलं, "डॉक्टर, परत जाऊ का तिकडे?" हा त्रास एकदा झालेल्याला पुन्हा होऊ शकतो. स्नॉर्केलिंग आणि डायव्हिंग कायमचं बंद, असं मी सांगितलं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहायला हरकत नाही. मागून पत्नीचा आवाज आला, "बोटीने जाता येईल असं बेट बघितलंय म्हणावं मी."