खार्तूमचा नकार

आफ्रिका चषकाची पहिली स्पर्धा दोन सामन्यांत संपली. फेब्रुवारी 1957 मध्ये सुदानची राजधानी खार्तूम इथं इजिप्तनं यजमानांना 2-1 असं हरवलं आणि सहा दिवसांनी अंतिम सामन्यात इथिओपियाचा 4-0 असा फडशा पाडला. चारही गोल अद-दीबा या एकट्या खेळाडूचे. (हाच अद-दीबा पुढे पंच झाला आणि 1968 च्या अंतिम सामन्यात शिट्टी त्याच्या हातात होती.) इथिओपिया एकही सामना न खेळता अंतिम फेरीत पोचला होता, कारण त्याच्याशी खेळायचा तो चौथा संघ मैदानात उतरलाच नाही. तो संघ होता दक्षिण आफ्रिकेचा.

आफ्रिकी फुटबॉल महासंघाचा, म्हणजे 'काफ'चा इतिहास सांगायचा तर या न झालेल्या सामन्यापासूनच सुरुवात करावी लागते. जून 1956 मध्ये लिस्बनला फिफाचं अधिवेशन भरलं होतं. त्या वेळी आफ्रिकेतले इजिप्त, सुदान, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका एवढेच देश फिफाचे सभासद होते. त्यांचे प्रतिनिधी तिथल्या अवेनिदा हॉटेलात बसले आणि आपल्या खंडाचा वेगळा महासंघ काढायचं त्यांनी ठरवलं. 8 फेब्रुवारी 1957 रोजी खार्तूममध्ये तो रीतसर स्थापन झाला. इजिप्तचे अब्देल अझीझ अब्दल्ला सालेम पहिले अध्यक्ष झाले. पहिला चषकही त्यांनीच दिला आणि त्याला त्यांचंच नाव पडलं.

स्पर्धा तोंडावर आली तेव्हा दक्षिण आफ्रिकेचे प्रतिनिधी फ्रेड फेल यांनी सांगितलं की आमचा संघ एकतर सगळा गोऱ्यांचा येईल किंवा सगळा काळ्यांचा. मिश्र संघ वर्णभेदाच्या धोरणात बसत नव्हता. बाकीच्या तिघांनी मिश्र संघाचा आग्रह सोडला नाही. दक्षिण आफ्रिकेला बाहेर काढलं की तिनं स्वतःच माघार घेतली, याबद्दल दोन्ही बाजूंच्या हकिकती जुळत नाहीत. पण ती खेळली नाही, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत तिला महासंघातूनही काढून टाकण्यात आलं. 1974 मध्ये भारतानं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध डेव्हिस चषकाचा अंतिम सामना खेळायला नकार दिला, याचा आपल्याला आजही अभिमान वाटतो, आणि तो योग्यच आहे. खार्तूमच्या मंडळींनी तेच सतरा वर्षं आधी केलं होतं, तेही चारपैकी एका सभासदावर पाणी सोडून. तेव्हा घाना स्वतंत्र व्हायला अजून महिना होता आणि आफ्रिकी ऐक्य संघटना निघायला सहा वर्षं. खंडाची राजकीय एकजूट कागदावर येण्याआधी ती फुटबॉलच्या मैदानावर आली.

सुरुवातीचा हा महासंघ फार गरीब होता. 1959 ची कैरोतली स्पर्धा तीनच संघांची झाली. 1962 मध्ये अदिस अबाबाला इथिओपियानं इजिप्तला जादा वेळेत 4-2 असं हरवलं आणि कर्णधार लुचियानो वासालो यानं सम्राट हैले सेलासी यांच्या हातून चषक घेतला. वासालोचे वडील इटालियन, आई एरिट्रियाची. सालेम यांच्या चषकावर पहिल्यांदा इजिप्तशिवाय दुसऱ्या देशाचं नाव लागलं. त्यानंतर घानाचा काळ आला. राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रूमा यांना फुटबॉलचं राजकीय मोल पुरेपूर कळत होतं. 'ब्लॅक स्टार्स' हे संघाचं नाव कृष्णवर्णीयांचे नेते मार्कस गार्वी यांच्या जहाज कंपनीवरून आलेलं. प्रशिक्षक मात्र घरचा, चार्ल्स ग्याम्फी. 1963 आणि 1965 असे सलग दोन चषक घानानं घेतले. 1965 मध्येच महासंघानं एक नियम केला: परदेशात खेळणारे दोनच खेळाडू संघात घेता येतील. आपल्या स्पर्धेतून आपल्याच मातीतले खेळाडू तयार व्हावेत, हा त्यामागचा हेतू. नियम 1982 पर्यंत टिकला.

पण काफचा खरा पराक्रम त्याच्या कुठल्याही स्पर्धेत घडलेला नाही. तो घडला 1966 च्या विश्वचषकात, जिथं आफ्रिकेचा एकही संघ नव्हता.

जानेवारी 1964 मध्ये फिफानं 1966 च्या सोळा जागांची वाटणी जाहीर केली. युरोपला दहा, दक्षिण अमेरिकेला चार, उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन मिळून एक, आणि उरलेली एकुलती एक जागा आफ्रिका, आशिया व ओशनिया या तिघांत. म्हणजे आफ्रिकेच्या विजेत्यानं आधी आपला खंड जिंकायचा आणि मग आशियाच्या विजेत्याशी झुंजायचं. एव्हाना आफ्रिकेत एकामागून एक देश स्वतंत्र होत होते आणि त्यांचे फुटबॉल संघ महासंघात येत होते. त्यातच फिफाचे अध्यक्ष सर स्टॅन्ली राऊस यांनी 1963 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून तिच्यावरचं फिफाचं निलंबन उठवलं होतं. राऊस हे जुने शिक्षक आणि नावाजलेले पंच. फुटबॉलचे नियम 1938 मध्ये सुटसुटीत भाषेत लिहून काढले ते त्यांनीच. खेळात राजकारण आणू नये असं त्यांचं मत होतं. वर्णभेदाला खेळाच्या दारातून आत घेणं हेही राजकारणच आहे, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

घानाचे क्रीडा प्रशासक ओहेने जान आणि इथिओपियाचे यिदनेकाचेव तेस्सेमा यांनी सभासदांची मोट बांधली. हक्काची एक जागा मिळाली नाही तर आम्ही खेळणार नाही, असं काफनं 1964 च्या उन्हाळ्यात कळवलं. फिफानं ऐकलं नाही. पात्रता फेरीत नाव दिलेल्या काफच्या सगळ्या संघांनी माघार घेतली. फिफानं त्यांना दंड ठोठावला. ऑक्टोबर 1964 मध्ये तोक्योच्या अधिवेशनात नव्या सभासदांच्या बळावर दक्षिण आफ्रिकेचं निलंबन पुन्हा लागू झालं, पण जागेचा प्रश्न तसाच राहिला आणि इंग्लंडमधला विश्वचषक आफ्रिकेविना पार पडला.

तो विश्वचषक नीट पाहिला तर त्यात आफ्रिका जागोजागी दिसते. आफ्रिकेच्या माघारीमुळे रिकामी झालेली वाट उत्तर कोरियाला मिळाली. ऑस्ट्रेलियाला हरवून हा संघ इंग्लंडला आला आणि त्यानं इटलीला 1-0 असं घरी पाठवलं. उपांत्यपूर्व सामन्यात पोर्तुगालविरुद्ध तो 3-0 असा पुढे होता. मग युसेबियोनं एकट्यानं चार गोल केले आणि पोर्तुगाल 5-3 असा जिंकला. नऊ गोल करून युसेबियो त्या स्पर्धेत अव्वल ठरला. त्याचा जन्म लोरेन्सो मार्केसचा, म्हणजे आजच्या मोझांबिकच्या मापुतोचा. पोर्तुगालचा कर्णधार मारियो कोलुना हाही मोझांबिकचाच. आफ्रिकेला एक जागा द्यायला नाही म्हणणाऱ्या स्पर्धेत सर्वाधिक गोल आफ्रिकेत जन्मलेल्या माणसानं केले!

बहिष्कार फुकट गेला नाही. 1970 साठी आफ्रिकेला आणि आशियाला वेगवेगळी जागा मिळाली आणि मोरोक्को मेक्सिकोला गेला. 1974 मध्ये फ्रँकफर्टला राऊस यांना ब्राझीलच्या जोआओ हॅवलांज यांनी 68 विरुद्ध 52 मतांनी हरवलं, त्यात आफ्रिकेची मतं निर्णायक होती. विश्वचषकात अधिक संघ आणि दक्षिण आफ्रिकेला दार बंद, या दोन गोष्टींवर ती मतं हॅवलांज यांना मिळाली. 1976 मध्ये, सोवेटोतल्या विद्यार्थ्यांवरच्या गोळीबारानंतर, फिफानं दक्षिण आफ्रिकेची हकालपट्टी केली. 1982 पासून चोवीस संघ झाले. आफ्रिकेच्या वाट्याला दोन जागा आल्या, आणि त्याच वर्षी अल्जीरियानं पश्चिम जर्मनीला 2-1 असं लोळवलं.

तेस्सेमा 1972 ते 1987, मृत्यूपर्यंत, काफचे अध्यक्ष होते. खेळाडू, प्रशिक्षक, प्रशासक अशी सगळी कामं केलेला हा माणूस, आणि 1962 च्या विजेत्या इथिओपियाचा प्रशिक्षकही तोच. माझ्या मते काफला लाभलेला हा सर्वांत मोठा नेता. दारू आणि तंबाखूच्या पैशाला त्यांचा विरोध असे. त्यांच्यानंतर 1988 मध्ये कॅमेरूनचे इसा हयातू आले आणि एकोणतीस वर्षं खुर्चीवर राहिले. आफ्रिका चषक आठ संघांवरून सोळांवर गेला, 1997 मध्ये क्लबांची चॅम्पियन्स लीग सुरू झाली, विश्वचषकातल्या जागा पाच झाल्या, 2010 चा विश्वचषक खुद्द दक्षिण आफ्रिकेत भरला. ही कमाई मोठी आहे. पण हिशेबाच्या वह्या उघड्या ठेवायची सवय त्या काळात महासंघाला लागली नाही.

मधल्या काळात, वर्णभेद संपल्यावर, एक वर्तुळ पूर्ण झालं. 1996 ची स्पर्धा केनियाला जमेना म्हणून दक्षिण आफ्रिकेला मिळाली. ट्युनिशियाला 2-0 असं हरवून जिंकलेल्या संघाचा कर्णधार होता नील तोवी, एक गोरा. दोन्ही गोल मार्क विल्यम्सचे. चषक देताना शेजारी नेल्सन मंडेला. 1957 मध्ये जो मिश्र संघ मागितला होता, तो एकोणचाळीस वर्षांनी आला.

क्लबांच्या स्पर्धेची गोष्ट थोडक्यात उरकतो. 1965 मध्ये पहिला चषक कॅमेरूनच्या ओरिक्स दुआलानं घेतला. आज बारा विजेतेपदांसह कैरोचा अल अहली सगळ्यांच्या पुढे आहे. उत्तरेकडच्या क्लबांकडे पैसा आहे. उरलेल्या खंडाचे गुणी खेळाडू युरोपला जातात, आणि सगळेच काही युरोपला जात नाहीत. नायजेरियाचे रँटी मार्टिन्स आणि ओडाफा ओकोली गोव्याच्या धेंपो आणि चर्चिल ब्रदर्सकडून गोलांचा पाऊस पाडून गेले, ते गोवेकर अजून विसरलेले नाहीत.

हयातू 2017 मध्ये मादागास्करच्या अहमद यांच्याकडून हरले. त्यानंतर जे झालं ते वाचताना वाईट वाटतं. अहमद यांच्या कारभारावर गैरव्यवहाराचे आरोप झाले आणि ऑगस्ट 2019 मध्ये फिफानं आपल्या महासचिव फातमा सामुरा यांना काफचा कारभार ताळ्यावर आणायला सहा महिन्यांसाठी कैरोला धाडलं. पुढे फिफानं अहमद यांच्यावर बंदी घातली. 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेचे खाणसम्राट पॅट्रिस मोत्सेपे बिनविरोध अध्यक्ष झाले. दर दोन वर्षांनी होणारा आफ्रिका चषक चार वर्षांनी भरवावा, असं फिफाचे अध्यक्ष जियानी इन्फान्तिनो 2020 मध्ये म्हणाले होते. डिसेंबर 2025 मध्ये मोत्सेपे यांनी 2028 नंतर तसंच करायचं जाहीर केलं. या स्पर्धेच्या उत्पन्नावर महासंघ आणि त्याचे सभासद तग धरून असतात. युरोपातल्या क्लबांची मात्र मोठी सोय झाली; ऐन हंगामात खेळाडू सोडावे लागतात ही त्यांची जुनी तक्रार. जान आणि तेस्सेमा यांनी हा निर्णय असा निमूट घेतला असता असं वाटत नाही.

जागांचा हिशेब अजून चालूच आहे. 2026 चा विश्वचषक अठ्ठेचाळीस संघांचा. 55 सभासदांच्या युरोपला त्यात 16 जागा, 54 सभासदांच्या आफ्रिकेला थेट 9.