न दिसणाऱ्याची कारागिरी : ‘द इमॅजिनिअरिंग स्टोरी’ आणि थीम पार्कची घडण

एखादी कथा, एखादा काळ किंवा एखादा काल्पनिक प्रदेश आधाराला घेऊन रस्ते, इमारती, झाडे, रंग, ध्वनी आणि माणसांची ये-जा यांची त्याच्याशी सुसंगत मांडणी ज्या बंदिस्त उद्यानात केलेली असते, त्याला थीम पार्क म्हणतात. आकाशपाळणे आणि रोलर कोस्टर त्यात असले, तरी त्याची ओळख त्यांच्यावरून ठरत नाही. वास्तुकला, नेपथ्य, चित्रपट आणि यंत्रविद्या या चारही क्षेत्रांचे ऋण असलेल्या या प्रकाराकडे समीक्षकांनी बहुधा उपभोगसंस्कृतीचे एक लक्षण म्हणूनच पाहिले आणि त्यामागच्या कारागिरीची चर्चा त्या मानाने कमी झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘डिस्ने प्लस’ या सेवेच्या प्रारंभाबरोबर प्रदर्शित होऊ लागलेली ‘द इमॅजिनिअरिंग स्टोरी’ ही सहा भागांची माहितीपट-मालिका ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढते. वॉल्ट डिस्नेने १९५२ मध्ये उद्यानाच्या आखणीसाठी जी स्वतंत्र संस्था काढली, तिच्यातील कलावंत आणि तंत्रज्ञ पुढे ‘इमॅजिनिअर’ म्हणून ओळखले गेले आणि त्यांच्याच कामाचा हा इतिहास आहे. दिग्दर्शिका लेस्ली आयवर्क्स या मिकी माऊसचे मूळ रूप रेखाटणाऱ्या अब आयवर्क्स यांची नात असून त्यांचे वडील डॉन हेही डिस्नेच्या तंत्रविभागात होते. या घरोब्यामुळे मालिकेला दुर्मीळ चित्रफिती आणि मोकळेपणाने बोलणारी माणसे लाभली, आणि तिच्या मर्यादाही त्यातूनच आल्या.

अशा उद्यानांची वंशावळ डिस्नेपासून सुरू होत नाही. कोपनहेगनचे टिवोली १८४३ मध्ये खुले झाले. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाने प्रचंड आकाशपाळणा आणि पांढऱ्या प्रासादांची तात्पुरती नगरी दाखवली, आणि त्या प्रदर्शनाच्या बांधकामावर वॉल्टचे वडील एलायस डिस्ने यांनी काम केले होते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १९०३ मध्ये लूना पार्क विजेच्या दिव्यांनी उजळले. नेदरलँड्समध्ये चित्रकार अँटोन पीक यांच्या कल्पनेतील परीकथांचे जंगल एफ्टेलिंग या उद्यानात १९५२ मध्ये साकारले. या पूर्वसूरींहून डिस्नेची वाट वेगळी झाली ती मुख्यतः एका कारणाने : त्याने उद्यानाचे काम वास्तुविशारदांऐवजी चित्रपटाच्या कलादिग्दर्शकांवर सोपवले.

सप्टेंबर १९५३ मध्ये हर्ब रायमन या चित्रकाराने वॉल्टच्या शेजारी बसून शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत नियोजित उद्यानाचे विहंगम चित्र काढले आणि ते घेऊन वॉल्टचे थोरले बंधू रॉय न्यूयॉर्कला भांडवल मिळवायला गेले. एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने पाच लाख डॉलर गुंतवले, ४५ लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाची हमी घेतली आणि त्या मोबदल्यात उद्यानात सुमारे ३४ टक्के हिस्सा तर मिळवलाच, शिवाय वॉल्टकडून साप्ताहिक कार्यक्रमाचेही वचन घेतले. ऑक्टोबर १९५४ पासून प्रसारित होऊ लागलेल्या या ‘डिस्नीलँड’ कार्यक्रमातून उभ्या राहत असलेल्या उद्यानाची प्रगती वॉल्ट प्रेक्षकांना स्वतः सांगत असे. थीम पार्कची घडण पडद्यावर दाखवण्याची प्रथा अशी या उद्यानाहूनही जुनी आहे आणि आयवर्क्स यांची मालिका त्याच परंपरेत बसते. फरक एवढाच की १९५४ मध्ये जे लपवायचे होते, ते या मालिकेत उघड केले आहे.

लपवण्याचा हा मुद्दा साऱ्या रचनेच्या मुळाशी आहे. कॅलिफोर्नियातील अॅनाहाइम येथे संत्र्यांच्या बागा तोडून १६० एकरांच्या जागेवर डिस्नीलँड अवघ्या वर्षभरात उभे राहिले आणि १७ जुलै १९५५ रोजी उघडले. त्याच्याभोवती मातीचा उंच बांध घालून वर आगगाडी फिरवली होती, ती गंमत म्हणून जितकी, तितकीच बाहेरचे शहर आत दिसू नये म्हणून. प्रवेशद्वारापासून निघणाऱ्या रस्त्यावरील इमारतींचा तळमजला जवळजवळ खऱ्या मापाचा आणि वरचे मजले क्रमाने लहान केल्यामुळे त्या होत्या त्याहून उंच वाटत. चित्रपटाच्या सेटवर वापरली जाणारी ही युक्ती, म्हणजे मापांचा क्रम बदलून डोळ्याला खोली किंवा उंची भासवणे, रस्त्याच्या टोकाशी असलेल्या जेमतेम ७७ फुटांच्या किल्ल्यालाही लावली होती. त्याचे खालचे चिरे मोठे आणि वरचे लहान आहेत. चालणाऱ्या माणसाला आपोआप पुढे ओढणाऱ्या अशा दूरच्या उंच वस्तूंची आखणी उद्यानाच्या प्रत्येक विभागात केली होती, त्यामुळे दिशादर्शक पाट्यांची गरजच कमी पडे. १९५९ मध्ये आलेला मॅटरहॉर्न हा बर्फाच्छादित शिखराचा देखावाही असाच. त्याच्या पोटात अॅरो डेव्हलपमेंट या कंपनीने पोलादी नळ्यांच्या रुळांवर धावणारा रोलर कोस्टर बसवला. लाकडी सांगाड्याला जी वळणे झेपत नसत ती या नळीने शक्य केली, आणि खोपोलीजवळच्या इमॅजिकातील ‘नायट्रो’सह आजचे पोलादी रोलर कोस्टर त्याच वाटेने आले आहेत.

१९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात डिस्नेच्या मंडळींनी मोठ्या कंपन्यांच्या आणि इलिनॉय राज्याच्या पैशांवर चार दालने उभी केली, आणि पुढे उद्यानात वापरायचे तंत्र तिथे पारखून घेतले. संवादाच्या ध्वनिफितीवरच संकेत मुद्रित करून त्यांच्या आधारे पुतळ्यांच्या ओठांची, मानेची आणि हातांची हालचाल घडवणारी ‘ऑडिओ-अॅनिमॅट्रॉनिक्स’ ही पद्धत वर्षभर आधी बोलणाऱ्या पक्ष्यांवर वापरली गेली होती. इथे तिने खुर्चीतून उठून भाषण करणारा अब्राहम लिंकन उभा केला. जनरल इलेक्ट्रिकच्या दालनातील ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ या नाटकाची रचना मराठी रसिकाला विशेष रोचक वाटावी. दोन वर्षांपूर्वी ‘तो मी नव्हेच’ने मराठी रंगभूमीवर फिरता रंगमंच आणला होता, तिथे नेपथ्य फिरत असे आणि प्रेक्षक जागेवर बसत, न्यूयॉर्कमध्ये मधले रंगमंच स्थिर ठेवून प्रेक्षागृहच त्यांच्याभोवती फिरवले होते. एक अंक संपून प्रेक्षक पुढे सरकले, की मागून येणाऱ्यांसाठी तोच अंक पुन्हा सुरू होई, आणि रांगेतली माणसे न थांबता आत-बाहेर होत राहत.

गर्दीची गती आणि प्रेक्षकाची नजर एकाच वेळी ताब्यात ठेवण्याचा हा विचार ‘हाँटेड मॅन्शन’ या भुताटकीच्या वाड्यात परिपूर्ण झाला. वाड्याचा दर्शनी भाग १९६३ मध्येच तयार होता, पण न्यूयॉर्कचे काम आणि डिसेंबर १९६६ मधील वॉल्टचा मृत्यू यांमुळे आतला खेळ ऑगस्ट १९६९ मध्ये सुरू झाला. पार्श्वभूमी-चित्रकार असलेल्या क्लॉड कोट्सला वाडा भयाण हवा होता, तर पात्रे जिवंत करण्यात हयात घालवलेल्या मार्क डेव्हिसला विनोदी. अखेर आरंभ एकाच्या आणि उत्तरार्ध दुसऱ्याच्या स्वभावाने रंगला. खेळाची मुख्य इमारत मावेल एवढी जागा बांधाच्या आत नव्हती, म्हणून ती बाहेर बांधली आणि पाहुण्यांना आगगाडीच्या रुळांखालून तिथे नेणे भाग पडले. त्यासाठी केलेला उद्वाहक अष्टकोनी खोलीच्या रूपात दडवला आहे : जमीन हळूहळू खाली जाते, भिंतींवरची चित्रे लांबत जातात, आणि खाली उतरत असलेल्या माणसाला खोलीच ताणली जात असल्याचा भास होतो. फ्लोरिडातील डिस्नेच्या नंतरच्या उद्यानातील अशाच वाड्यात खाली उतरण्याची गरज नव्हती, तरी भास हवा होता. तिथे जमीन स्थिर आहे आणि छत वर जाते. पुढच्या प्रवासासाठी एकमेकांना जोडलेल्या, न थांबणाऱ्या गाड्यांची साखळी आहे आणि प्रत्येक गाडी स्वतःभोवती वळू शकते. तिच्या खोलगट पाठीमुळे बसणाऱ्याला बाजूचे दिसत नाही, त्यामुळे चित्रपटात कॅमेरा करतो ती नजरेची निवड इथे आसन करते. नृत्यशाळेतील भुते मात्र एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या रंगमंचावरून आलेली आहेत : प्रेक्षकाच्या वर आणि खाली, त्याला न दिसणाऱ्या जागी ठेवलेल्या प्रकाशित पुतळ्यांचे प्रतिबिंब समोरच्या अतिभव्य काचेत पडते, आणि दिवा मालवला की भूत नाहीसे होते.

काऊबॉयच्या वेशातील कामगार भविष्यकाळाच्या विभागातून जाताना वॉल्टला खटकला होता, असे सांगतात. असे दृश्य पुन्हा दिसू नये म्हणून फ्लोरिडात १९७१ मध्ये उघडलेल्या मॅजिक किंगडमच्या खाली कामगारांची ये-जा, माल आणि कचरा यांसाठी बोगद्यांचे जाळे आहे. पण तिथे जमिनीखाली थोड्याच अंतरावर पाणी लागते, म्हणून बोगदे जमिनीच्या पातळीवर बांधून शेजारच्या तलावातून उपसलेली माती त्यांच्याभोवती आणि वर भरली. लाखो पाहुणे ज्याला जमीन समजून चालतात, तो प्रत्यक्षात दुसरा मजला आहे.

मालिकेतील सर्वांत विचारप्रवर्तक भाग मात्र अपयशाचा आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये डिस्नीलँडसमोरच्या जुन्या वाहनतळावर ‘कॅलिफोर्निया अॅडव्हेंचर’ उघडले. खर्चाला कात्री लावून, तयार मिळणारे पाळणे आणून उभारलेल्या या उद्यानातून बाहेरच्या इमारती दिसत, आणि लोकांनी त्याकडे पाठ फिरवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये याच इमॅजिनिअर मंडळींनी आखलेले टोकियोचे ‘डिस्नेसी’ उघडले, ज्यात ज्वालामुखीच्या कड्यांपासून बंदरातील भिंतींच्या गंजापर्यंत सारे हाताने रंगवले होते, आणि ते आजही या कलेचा कळस मानले जाते. तेच कौशल्य, तेच वर्ष आणि निकाल इतका भिन्न, याचे कारण मालकीत सापडते. टोकियोचा खर्च ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी करत होती आणि पाहुण्याच्या कदाचित लक्षातही येणार नाही अशा गोष्टींवर पैसा ओतायला ती तयार होती. कॅलिफोर्नियात नेमका तोच पैसा आधी कापला गेला. २००७ मध्ये जाहीर झालेल्या एक अब्ज डॉलरहून अधिक खर्चाच्या पुनर्रचनेनंतर, २०१२ मध्ये ‘कार्स लँड’ उघडले तेव्हा कुठे ते उद्यान सावरले.

इमॅजिनिअरांनी ही चूक कॅमेऱ्यासमोर मान्य केली आहे, आणि कंपनीच्याच सेवेवर ते दाखवले जावे, ही गोष्ट कमी महत्त्वाची नाही. तरीही इथे दाखवलेली अपयशे बहुतेक दुरुस्त झालेली आहेत. शांघायचे २०१६ चे उद्यान किंवा २०१९ चे ‘गॅलक्सीज एज’ यांसारख्या, मालिका प्रदर्शित होताना ज्यांची तिकिटे विकली जात होती अशा प्रकल्पांकडे वळताना निवेदनाचा सूर जाहिरातीकडे झुकतो आणि चिकित्सा थांबते. बोगद्यांतून रोज ये-जा करणाऱ्या वेशधारी कामगारांचे वेतन आणि त्यांचे श्रम यांना मालिकेत जवळजवळ स्थान नाही. त्या बोगद्यांची बांधणी इतक्या बारकाईने समजावून सांगितल्यावर ही उणीव अधिकच जाणवते, आणि ती भरून काढायला कंपनीच्या दप्तराबाहेरचा अभ्यासक लागेल.