वाइनच्या बाटलीवर ‘नाशिक व्हॅली’, पण दर्जा ठरवतं कोण? सोप्या भाषेत समजून घ्या

छत्रपती संभाजीनगर : वाळूज आणि शेंद्रा एमआयडीसीतल्या कारखान्यांमुळे आपल्या शहराची ओळख बिअरचं केंद्र अशी आहे. नाशिकला जाताना येवला ओलांडलं की विंचूर लागतं, तिथे मात्र वाइन पार्क आहे. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि वाइन उद्योगाला वेग आला. तरीही जगाच्या नकाशावर वाइनच्या बाबतीत भारत छोटाच देश आहे. मग इथल्या वाइनचा दर्जा नेमका कोण तपासतं?

नियम काय आहे?

देशात वाइनसाठी एफएसएसएआयचे मद्ययुक्त पेयांचे नियम आहेत. २०१८ मध्ये आलेले हे नियम १ एप्रिल २०१९ पासून लागू झाले. त्यात अल्कोहोल, सल्फर डायऑक्साइड, आम्लता अशा घटकांच्या मर्यादा ठरवल्या आहेत. लेबलवर अल्कोहोलचं प्रमाण आणि आरोग्याचा इशारा छापणं बंधनकारक आहे.

मग अडचण कुठे आहे?

हे नियम मुख्यतः सुरक्षेचे आहेत. बाटलीत घातक काही नाही, एवढी खात्री त्यातून मिळते. वाइन चांगली आहे की सुमार, हे त्यातून कळत नाही.

युरोपात यापुढची पायरी आहे. लेबलवर द्राक्षाच्या एकाच वाणाचं नाव असेल, तर किमान ८५ टक्के वाइन त्याच वाणाची लागते. अमेरिकेत हे प्रमाण साधारण ७५ टक्के आहे. आपल्याकडे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळालेलं आहे. पण मानांकनाला वजन येतं ते बागेपासून टाकीपर्यंतच्या नोंदी कोणीतरी सातत्याने तपासल्या तरच.

ऑस्ट्रियात काय घडलं होतं?

१९८५ मध्ये ऑस्ट्रियातल्या काही उत्पादकांनी वाइन गोड आणि दाट लागावी म्हणून त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळल्याचं उघड झालं. भेसळ काहींनी केली, पण निर्यात सगळ्या देशाची कोसळली. सरकारने त्याच वर्षी कडक कायदा केला. आज तिथे ‘दर्जेदार वाइन’ म्हणून विकायची असेल, तर सरकारी प्रयोगशाळेतली तपासणी आणि तज्ज्ञांची चव चाचणी पार करून क्रमांक मिळवावा लागतो. तो क्रमांक लेबलवर छापलेला असतो.

शेतकऱ्याचा काय संबंध?

खूप जवळचा. जालन्यातल्या कडवंचीसारख्या गावातली खायची द्राक्षं एका व्यापाऱ्याने नाकारली, तर दुसरा घेऊ शकतो. शिराझ, कॅबरने सॉव्हिनियाँसारख्या वाइनच्या वाणांचं तसं नाही. मणी लहान, साल जाड, आत बिया. वायनरीने माल उचलला नाही, तर बाजारात गिऱ्हाईक नाही.

२००८-०९ च्या मंदीत हे दिसलं. मागणी घटली, काही वायनरी अडचणीत आल्या आणि शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा काढून टाकल्या. उद्या बाहेरची स्वस्त वाइन इथल्या नावाने विकली गेली, तरी पहिला फटका बागायतदारालाच बसेल. म्हणून लेबलवरच्या नावाची तपासणी हा त्याच्या भावाचाही प्रश्न आहे.

सरकार काय करतंय?

वाइन प्रोत्साहन योजनेत २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के रक्कम उत्पादकांना परत मिळते. २०२४ मध्ये राज्याने ही योजना पुढे सुरू ठेवण्याचा निर्णय घेतला. मात्र हा परतावा विक्रीशी जोडलेला आहे, चव किंवा दर्जाच्या श्रेणीशी नाही.

पाया मात्र तयार आहे. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे आणि वाइनच्या ‘ओआयव्ही’ या आंतरराष्ट्रीय संघटनेचा भारत २०११ पासून सदस्य आहे. ऑस्ट्रियासारखी स्वतंत्र तपासणी परताव्याला जोडली, तर ग्राहक आणि शेतकरी दोघांनाही आधार मिळेल.

लेबलवर काय पाहाल?

- द्राक्ष कुठलं आणि वाण कोणतं
- उत्पादक कोण, बाटली कुठे भरली
- अल्कोहोलचं प्रमाण आणि सल्फाइटचा उल्लेख
- एफएसएसएआय परवाना क्रमांक

(मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे. मद्यपान करून वाहन चालवू नका.)