विझलेल्या उष्णतेच्या वाटेवर सायकल

भूगर्भातली उष्णता म्हटलं की आइसलँड, न्यूझीलंडची वाफाळती डबकी आठवतात. नाशिकजवळ तसं काहीच नाही. तरीही जाणत्या गाइडबरोबर माउंटन बाइकवरून एका दिवसात ही उष्णता समजून घ्यायची असेल, तर नाशिक–त्र्यंबक पट्टा त्यासाठी उत्तम आहे, असं मला ठामपणे वाटतं. इथली उष्णता विझली, पण तिचं काम दरडीदरडीत उघडं पडलेलं आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. थर निवताना आतले वायूचे बुडबुडे वर सरकले आणि तिथेच अडकले. म्हणून मधला भाग घट्ट काळा कातळ, तर वरचा जाळीदार. पुढे त्या पोकळ्यांत खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपलं आणि झिओलाइटचे स्फटिक वाढले. पांडवलेण्यांजवळच्या खाणींतलं हिरवं ॲपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशा स्फटिकांचे मोठे नमुने मांडले आहेत.

हे गाडीतून दिसत नाही आणि पायी एका दिवसात आवाक्यात येत नाही. सायकलवर मात्र खडक आधी हाताला कळतो: कातळावर हँडल थडथडतं, सुट्या मुरमावर मागचं चाक घसरतं. म्हणून गाइड कच्च्या वाटेला लागण्याआधी टायरमधली हवा थोडी कमी करायला लावतो, उताराला वजन मागे घ्यायला सांगतो, स्वतः पुढे राहून वेग धरतो आणि शेवटच्या स्वाराच्या मागे जोडीदार ठेवतो. हे कौशल्य आवश्यकच आहे. पण दिवसाचं चीज होतं ते थांब्यांमुळे. दोन काळ्या थरांमध्ये विटकरी मातीचा पट्टा दिसला की तिथे सायकली आडव्या कराव्यात. एक थर निवून त्याची झीज होऊन माती झाली, मग पुढचा लाव्हा तिच्यावर पसरला, एवढा काळ त्या वीतभर पट्ट्यात साठलेला असतो. पाणी त्यातून सहज खाली उतरत नाही, म्हणून पावसाळ्यात अशाच ठिकाणी दरड पाझरताना दिसते.

यावर कोणी म्हणेल, मग सरळ वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांवर का जाऊ नये? जरूर जावं. पण तिथलं पाणीही जिवंत ज्वालामुखीमुळे तापत नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि वर येतं. कुंडात फक्त शेवटचा टप्पा दिसतो; भेगा आणि थर कसे असतात, ते त्र्यंबकच्या दरडी दाखवतात. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: चाकांनी डोंगर खराब होतो. अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची दुर्मीळ जात आहे, कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत, आणि कातळावरची बोटभर माती एकदा उखडली की लवकर परतत नाही. त्यामुळे सायकली पायथ्याच्या रुळलेल्या गाडीवाटांवरच राहाव्यात आणि स्फटिक कोणी उकरू नयेत. ही मर्यादा पाळून सहलीचं काहीच कमी होत नाही, कारण थर पायथ्यालाच वाचता येतात. म्हणून गाइड निवडताना त्याचा दम किती, याच्याबरोबरीनं त्याला खडक किती कळतो आणि कुठे चाक घालायचं नाही हे तो ठामपणे सांगतो का, हे विचारायला हवं.