शेतातील बहुपेशीय प्राणी व त्यांची ओळख

पूर्वी अमीबासारख्या एकपेशीय जीवांची गणनाही प्राण्यांत होत असे. आता ज्यांचे शरीर अनेक पेशींचे असते, त्या पेशी निरनिराळी कामे वाटून घेतात आणि जे तयार अन्नावर जगतात, अशा जीवांनाच प्राणी म्हणतात. जमिनीतील काही सूत्रकृमींचे शरीर सुमारे एक हजार पेशींचे असते, तर बैलाच्या शरीरातील पेशींची मोजदाद करणे कठीण. शरीररचनेवरून प्राण्यांचे संघ पाडले आहेत. पिकाचा शत्रू कोणत्या संघातील आहे, हे कळल्याशिवाय योग्य उपाय योजता येत नाही.

सूत्रकृमी साध्या डोळ्यांना बहुधा दिसत नाहीत. टोमॅटो, वांगी, भेंडी यांच्या मुळांवर गाठी येऊन झाड खुरटते. अशा वेळी पानांवर कीटकनाशक फवारणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय. कडधान्यांच्या मुळांवरील उपयुक्त गाठी बोटाने सहज सुटतात. सूत्रकृमींच्या गाठी मुळाचाच भाग असल्याने सुटत नाहीत. उन्हाळ्यातील खोल नांगरट, पिकांची फेरपालट व झेंडूची लागवड हे त्यावरील उपाय आहेत.

गांडूळ हा वलयी संघातील प्राणी असून तो जमीन भुसभुशीत करतो. त्यास शत्रू समजू नये.

गोगलगाय मृदुकाय संघातील आहे. सन २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत गोगलगायींनी उगवत्या सोयाबीनचे मोठे नुकसान केले. कीटकांसाठी असलेल्या औषधांवर येथे विसंबू नये. सायंकाळी बांधाकडेने ओली गोणपाटे अंथरावीत. सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात व मिठाच्या पाण्यात टाकून माराव्यात.

कीटक व कोळी हे दोन्ही संधिपाद संघातील होत. परंतु प्रौढ कीटकास सहा पाय असतात व प्रौढ कोळ्यास आठ. लाल कोळीवर अनेक कीटकनाशके चालत नाहीत. उलट, कोळी खाणारे मित्रकीटक मरून कोळी अधिकच वाढते. त्यासाठी पाण्यात मिसळणारे गंधक उपयोगी पडते.

म्हणून पीक बिघडलेले दिसताच शेतकरी बंधूंनी औषध आणण्याची घाई करू नये. प्रथम एक रोप मुळासकट उपटून पाहावे, पान उलटून पाहावे व सापडलेल्या प्राण्याचे पाय मोजावेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही पाहणी शेतावर उभे राहून करून दाखवावी.