आलेख बोलका करा

मुलांनो, समजा तुमच्यापुढे एक कागद आहे. त्यावर एक रेषा डावीकडून उजवीकडे चढत गेली आहे. खाली ० ते १० आणि डाव्या बाजूला ० ते १०० असे आकडे आहेत. बाकी काहीच लिहिलेले नाही. सांगा पाहू, ही रेषा कशाची? तापत ठेवलेल्या पाण्याची? क्रिकेटच्या सामन्यातील धावांची? की एखाद्या वेलीच्या उंचीची?

तुम्हांला सांगता येणार नाही. ज्याने आलेख काढला, त्याच्याखेरीज कोणालाच सांगता येणार नाही. असा आलेख मुका असतो. तो बोलका करण्याचे काम अक्षांवरील अक्षरे आणि आकडे करतात.

पूर्वी आलेख फक्त कागदावर काढत. आता ते संगणकावर स्प्रेडशीटमध्येही काढतात. संगणक रेषा चटकन काढून देतो. पण आकडे तापमानाचे आहेत की धावांचे, हे त्याला ठाऊक नसते. ते आपणच सांगावे लागते. कसे ते पाहू.

समजा, तुम्ही चंचुपात्रात पाणी तापवले आणि मधूनमधून त्याचे तापमान मोजले. ०, १, २, ४, ७ आणि १० मिनिटांनी ते २८, ३५, ४३, ५८, ७९ आणि ९६ अंश सेल्सिअस भरले. आता या नोंदींचा गोशवारा तयार करा. ‘गोशवारा’ हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही परिचयाचा असेल! एका रकान्यात वेळ लिहा, शेजारच्या रकान्यात तापमान लिहा. चौकटीत ‘२८ अंश’ असे लिहू नका, नुसते ‘२८’ लिहा. आकड्यापुढे अक्षरे आली, की संगणक त्याला संख्या न मानता मजकूर मानतो आणि आलेख बिघडतो. एकक रकान्याच्या मथळ्यात लिहावे.

पुढची पायरी आलेखाचा प्रकार निवडण्याची. येथे बरेच जण फसतात. ‘लाइन’ हा प्रकार निवडला, तर संगणक सामान्यपणे १, २, ४, ७ या आकड्यांना नुसती नावे समजतो आणि त्यांच्यामध्ये सारखेच अंतर ठेवतो. खरे तर १ ते २ हे अंतर एका मिनिटाचे आहे आणि ४ ते ७ हे तीन मिनिटांचे. दोन्ही अंतरे सारखी दिसली, तर पाणी मध्येच जास्त वेगाने तापू लागले असा भास होतो. म्हणून अशा प्रयोगासाठी ‘स्कॅटर’ हा प्रकार घ्यावा. त्यात प्रत्येक बिंदू आपल्या खऱ्या जागी बसतो.

आता अक्षांना नावे द्या. त्यासाठी ‘अ‍ॅक्सिस टायटल’ ही सोय असते. आडव्या अक्षावर ‘वेळ (मिनिटे)’ आणि उभ्या अक्षावर ‘तापमान (अंश सेल्सिअस)’ असे लिहा. आपण उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे वाचतो. पण आकडे उर्दूतही डावीकडून उजवीकडेच लिहितो. हा आलेखही तसाच वाचायचा. त्यात वेळ उजवीकडे वाढत जाते.

“एकक लिहिले नाही, तर एवढे काय बिघडते?” असे तुम्ही विचाराल. ऐका तर. डिसेंबर १९९८ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेने मंगळाकडे एक यान पाठवले. त्याचे नाव ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’. यानाला मिळणाऱ्या धक्क्यांचे आकडे एका गटाने पौंडाच्या मापात दिले. दुसऱ्या गटाने ते न्यूटनच्या मापातले समजून हिशेब केला. एक पौंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. साहजिकच यानाची वाट चुकत गेली. २३ सप्टेंबर १९९९ रोजी ते ठरल्यापेक्षा फार खालून मंगळाच्या वातावरणात शिरले आणि कायमचे हरवले. आकडे होते, पण त्यांचे एकक तपासले गेले नाही!

आता अक्षावरचे आकडे पाहू. अक्षावर दोनदा क्लिक केले, की अक्ष बदलण्याची सोय पुढे येते. ‘मिनिमम’ म्हणजे अक्षाची सुरुवात आणि ‘मॅक्सिमम’ म्हणजे शेवट. ‘मेजर युनिट’ म्हणजे दोन मोठ्या खुणांमधील अंतर. येथे ‘युनिट’चा अर्थ एकक असा नाही, हे ध्यानात ठेवा. दशांश स्थळेही येथेच ठरवता येतात. तुमचा तापमापक एकेक अंश दाखवत असेल, तर अक्षावर ‘४०.००’ असे लिहू नये. जेवढे अचूक मोजले, तेवढेच दाखवावे.

सुरुवात कोठून करायची, हेही विचारपूर्वक ठरवावे. हवाई बेटावरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने १९५८ पासून हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ साली तो ४२० भागांच्या वर गेला होता. उभा अक्ष ० पासून काढला, तर ही वाढ बेताची दिसते. तोच अक्ष ३१० पासून काढला, तर रेषा खूप चढलेली दिसते. आकडे मात्र दोन्हींत तेच आहेत! म्हणून आलेख वाचताना आधी अक्ष वाचावा, मग रेषा पाहावी. स्तंभालेखात तर अक्ष नेहमी ० पासूनच सुरू करावा, कारण तेथे स्तंभाची उंची हेच माप असते.

आलेख पूर्ण झाला, की तो प्रयोगाच्या वेळी हजर नसलेल्या मित्राला दाखवा. तुम्ही एक शब्दही बोलू नका. काय मोजले, कोणत्या एककात मोजले आणि काय आढळले, हे त्याने नुसते पाहून सांगितले, तर तुमचा आलेख बोलका झाला असे समजा.

शब्दार्थ
मुका – बोलू न शकणारा
चंचुपात्र – प्रयोगशाळेतील चोच असलेले काचेचे भांडे
एकक – मोजण्याचे ठरलेले माप
मथळा – शीर्षक
भास – नसलेले दिसणे

स्वाध्याय
१. चौकटीत आकड्यापुढे एकक का लिहू नये?
२. मंगळाकडे गेलेले यान कशामुळे हरवले?
३. आठवडाभर रोज सकाळी तुमच्या वर्गातील तापमान मोजा. त्याचा आलेख काढून दोन्ही अक्षांना योग्य नावे द्या.