वासरू, कुंडली आणि छापा-काटा

सिद्धेश्वर यात्रेत होमप्रदीपनाच्या रात्री सोलापूरकर थंडीत ताटकळतात ते भाकणूक ऐकायला. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात. पुढ्यात गूळ, खोबरं, बोरं, गाजर, ज्वारी मांडलेली. जे हुंगलं किंवा खाल्लं ते महागणार. मुतलं तर पाऊस चांगला. बुजलं तर काहीतरी संकट. यात्रेचे मानकरी हिरेहब्बू यांनी सांगितलेली भाकणूक पेपरात छापून येते. गेल्या वर्षीची किती खरी ठरली, हे त्याच बातमीत वाचल्याचं मला तरी आठवत नाही.

याच गावातून शंभरी ओलांडलेलं दाते पंचांगही निघतं. सूर्य-चंद्रातलं कोनीय अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी सरते. हे निव्वळ गणित आहे. ग्रहणाची वेळ चुकली, तर शाळकरी पोरगंही घड्याळ दाखवेल. या गणिताच्या अब्रूवर फलज्योतिष मात्र फुकट मिरवतं. ग्रहांची जागा बरोबर निघाली, म्हणून त्यावरून माणूसही बरोबर वाचता येतो, असं होत नाही.

वाचता येतो का, हे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये पुण्यात तपासलं. सोबत संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे होते. कुंडल्या २००: निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. नाव-गाव झाकलेलं. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या दिल्या आणि विचारलं एवढंच, की कोणती कुणाची? मुद्दाम सोपा प्रश्न होता. विवाहयोग नाही, परदेशगमन नाही. उत्तरं पाठवली २७ जणांनी. सरासरी ४६ टक्के बरोबर. सर्वांत हुशार ज्योतिषाची ४० पैकी २४. एका संस्थेनं सगळ्या २०० कुंडल्या तपासल्या, त्यातल्या १०२ जुळल्या. नाणं उडवलं असतं तरी शंभराच्या आसपास जुळल्याच असत्या, आणि नाणं दक्षिणा मागत नाही.

भाकणुकीचाही असा हिशेब ठेवावा, म्हणून एका वर्षी मी वही घातली. वासरानं काय हुंगलं ते लिहून घेतलं आणि वर्षअखेरीस मार्केट यार्डातल्या ओळखीच्या आडत्याकडे गेलो. त्यानं यादीवरून बोट फिरवलं.

“समदंच महागलंय की ओ,” तो म्हणाला. “न हुंगलेलं बी.”